कोरड्या घरातली ओल

हेवा करायलासुद्धा सवड लागते, आणि ताईकडे ती भरपूर होती. पडदे शिवण्याचं काम असं, की हात-पाय मशीनला जुंपले तरी डोकं मोकळंच राहतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक सरळ टीप मारायची, पडदा फिरवायचा, पुन्हा मारायची. तेवढ्या वेळात माणूस साऱ्या गोतावळ्याचा हिशोब मांडून मोकळा होतो. ताई बहुतेक वेळा एकाच माणसाचा मांडायची, तिच्या धाकट्या बहिणीचा.

तसं धाकटीनं ताईचं काही घोडं मारलं नव्हतं. दर आठवड्याला न चुकता फोन करायची, भाऊजींची चौकशी करायची. पण तिचं सगळं छान चाललेलं होतं, आणि ते ती सांगायची. नवरा बँकेत, घराला दोन बाल्कन्या, दोन्ही मुलं हुशार, दारात गाडी. शिवाय मिक्सर, गिझर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात तिला नोकरी होती आणि तिथेही तिचं वजन होतं. प्रत्येक सुट्टीत ही मंडळी कुठे ना कुठे जायची आणि मग ताईच्या फोनवर फोटो येऊन पडायचे. धाकटी पाण्याजवळ, धाकटी डोंगरावर, धाकटी कुठल्या तरी हॉटेलच्या पायऱ्यांवर गॉगल लावून. ताई प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघायची. "मागचे पडदे बघतेय," असं नवऱ्याला सांगायची. नवरा भला माणूस, त्याला ते खरं वाटायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जगाला सुट्टी लागली की लिफ्टांना काय होतं कोण जाणे, पण नेमक्या तेव्हाच त्या बंद पडतात. फोन आला की हा हत्यारांची पिशवी उचलून निघालाच. आत माणसं अडकलेली असताना "आम्ही सहलीला चाललोय" असं कोण म्हणणार? त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघं कुठे म्हणून गेली नव्हती. यंदा मात्र योग जुळला होता. नवऱ्याची कामं आठवडाभर बघायला एक सोबती तयार झाला होता, मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली होती आणि ताईला एका लॉजच्या सगळ्या खोल्यांच्या पडद्यांचं काम मिळालं होतं. त्या पैशातून तिनं तळ्यावरचं एक छोटं घर आठवड्याभरासाठी ठरवलं. अर्धे पैसे डिपॉझिट म्हणून भरूनही टाकले.

घराचे फोटो तिनं इतक्या वेळा बघितले होते की ते तिला पाठ झालं होतं. पांढऱ्या भिंती, दोन खोल्या, आणि निजायच्या खोलीला एक रुंद खिडकी. पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसायचं. एकच खोट होती. त्या खिडकीचा मातकट पडदा चांगला वीतभर आखूड होता. ताईला ती खोटही आवडली होती. गेल्या गेल्या पडदा काढून ठेवायचा, पलंगावर ऐसपैस पडायचं आणि पायांच्या पलीकडे पाणी दिसेल असा एक फोटो काढून धाकटीला पाठवायचा, असा तिचा बेत होता. तोवर धाकटीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी फोटो इकडून तिकडे जायला हवा होता.

निघायला थोडे दिवस उरले असताना नवरा एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि त्याला वर काढायला दोन माणसं लागली. मणका सरकला होता. अंथरुणावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कामावर नाही तर पगार नाही, अशी त्याची नोकरी. पाठीचा पट्टा, गोळ्या, व्यायाम शिकवणाऱ्या माणसाची फी, सगळं एकदम दारात उभं राहिलं. ताईनं घरमालकिणीला फोन लावला तेव्हा तिला सहलीचं दुःख करायचीही फुरसत नव्हती. तिला डिपॉझिट परत हवं होतं.

घरमालकीण बोलायला रोखठोक होती, पण वाईट नव्हती. "अहो बाई, आता ऐन वेळी रद्द केलंत तर नियमाप्रमाणे मी काही देणं लागत नाही," ती म्हणाली. "पण घरात दुखणं आलंय, तर एक करते. त्याच तारखांना दुसरं कुणी राहायला आलं, तर तुमचे सगळे पैसे परत. नाही आलं, तर मी तरी कुठून देऊ? तुम्ही शोधा, मीही शोधते."

ताईनं शोधलं. पडद्यांच्या दुकानदाराला विचारलं, लॉजच्या मॅनेजरला विचारलं, मजल्यावरच्या सगळ्या दारांवर विचारलं. धाकटीला तेवढं विचारलं नाही.

पण नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि आता तर तो दिवसभर एकटाच छताकडे बघत पडलेला. ताई शिवलेले पडदे पोचवून घरी आली तर स्वारी पडल्या जागी खुशीत.

"अगं, गंमत ऐक. तुझ्या बहिणीचा फोन आला होता. यंदा त्यांना कुठे जागाच मिळेना, सगळीकडे भरलंय म्हणे. मी म्हटलं, आमचं घर रिकामं जातंय की! ती उडालीच. म्हणाली, आम्ही जातो, ताईचे पैसेही सुटतील. सुटलो बुवा आपण."

"छान झालं," ताई म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. तिच्या पोटात सरळ जळायलाच लागलं. तिला तो पलंग दिसला आणि त्या पलंगावर धाकटीचे पाय दिसले. फोटो येणार होता तोच, त्याच खिडकीचा, फक्त पाय दुसरे.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. मोठीचं उतरलं की धाकटीला. सगळ्याच घरांत असते म्हणा, पण इथे त्याला एक पुरवणी होती. उतरलेला फ्रॉक धाकटीच्या मापाला बेतायचं काम आई मोठीलाच सांगायची. "तूच बस मशीनवर, तुला तिचं माप ठाऊक आहे," असं म्हणायची. ताई शिवण शिकली ती अशी. बाजूच्या शिवणी आत घ्यायच्या, खालची दुमड वर घ्यायची, आणि आपलाच फ्रॉक आपल्याच हातानं दुसरीला चढवायचा. एक हिरवा फ्रॉक होता, पांढऱ्या कॉलरचा. ताईच्या अंगावर तो उशीच्या अभ्र्यासारखा दिसायचा. धाकटीच्या अंगावर गेला आणि येणारा-जाणारा वळून बघायला लागला. आईनं तिला फोटोवाल्याकडे नेऊन फोटो काढला. तो अजून माहेरच्या भिंतीवर आहे. मोठ्या पाणीदार डोळ्यांची धाकटी आणि हिरवा फ्रॉक. फ्रॉकच्या शिवणीत ताई आहे, पण ती कुणाला दिसत नाही.

आता घर उतरलं होतं, आणि ते तर बेतावंही लागणार नव्हतं.

ताईनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसून धाकटीला फोन लावला.

"ताई! अगं, कसलं मस्त! भाऊजींनी सांगितलं मला. मी आत्ता त्या बाईंना फोन करणारच होते..."

"आधी ऐक. त्या घरात काही अर्थ नाही."

"म्हणजे?"

"ओल आहे." शब्द तोंडातून निघाला तेव्हा ताईचं तिलाच नवल वाटलं. पण एकदा ओल आल्यावर बाकीचं आपोआप आलं. "सगळ्या भिंतींना ओल आहे. गाद्यांना वास येतो. आणि उंदीर." उंदीर नसते आणले तरी भागलं असतं, पण खोटं बोलायला लागलं की हात सैल सुटतो. "माझं एक गिऱ्हाईक राहून आलंय तिथे. तिनंच सांगितलं. बरं झालं आमचं जाणं रद्द झालं. तू मुलांना घेऊन जाऊ नकोस बाई, आजारी पडतील."

पलीकडून पेनाचं बटण दाबल्याचा टक असा आवाज तेवढा आला. ताईनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

"गाद्यांनासुद्धा वास?" धाकटीनं विचारलं.

"गाद्यांनासुद्धा."

"बरं," धाकटी म्हणाली. "नाही जात मग."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, असं आपण ऐकतो आणि हसतो. ताईच्या तर हाताशी कात्रीही होती. डिपॉझिट गेलं होतं, पण पोटातली जळजळ थांबली होती, आणि त्या दोहोंत तिला जळजळ थांबल्याचं सुख अधिक वाटलं. बाहेर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, त्यांना दुसरीकडे जागा मिळाली. नवरा "अरेरे" म्हणाला आणि पुन्हा छताकडे बघायला लागला. त्या "अरेरे"नं मात्र तिला त्या रात्री झोप येऊ दिली नाही.

दोन-तीन दिवस गेले. पट्टा आला, गोळ्या आल्या, पैसे गेले. ताई एका दुकानाचे पडदे शिवत असताना घरमालकिणीचा फोन आला. कुणीतरी राहायला तयार झालं असणार, असं वाटून ताईनं हातातलं कापड तसंच टाकलं.

"बाई, तुम्ही माझ्या घरात कधी पाऊल तरी टाकलंय का?" घरमालकिणीचा आवाज तापलेला होता.

"नाही. का हो?"

"तुमच्या बहिणीचा फोन आला होता. बहीण आहे का वकीलीण? म्हणे भिंतींना ओल, गाद्यांना वास, उंदीर. म्हणे हे सगळं लपवून तुम्ही माझ्या ताईकडून डिपॉझिट घेतलंत, तेव्हा ते परत करणं तुम्हाला बंधनकारक आहे. बंधनकारक! अहो, दरवर्षी मी स्वतः शिडीवर चढून त्या भिंती रंगवते. कुणी सांगितलं तुम्हाला ओल आहे म्हणून?"

पेनाचा तो टक आवाज तिला आता आठवला. तक्रारी ऐकून घ्यायचा धंदा धाकटीचा. समोरचा बोलायला लागला की ती लिहून घेते, आणि लिहून घेतलेली तक्रार धसास लावल्याशिवाय सोडत नाही. ताईनं खोटं बोलून बहिणीला घरापासून लांब ठेवायला बघितलं, आणि बहीण तेच खोटं खांद्यावर घेऊन ताईच्या वतीनं लढायला निघाली होती.

"तसं... कुणीतरी बोललं होतं," ताई पुटपुटली.

"कोण? नाव सांगा."

"आता नाही आठवत."

"हे बघा," घरमालकीण म्हणाली, "अशी आवई उठली तर माझा धंदा बसेल. ओल आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर मी भांडत बसत नाही, पैसे देऊन टाकते आणि हात जोडते. पण तुमच्या तोंडून ऐकू दे. आहे म्हणता का?"

"हो" म्हटलं की पैसे मिळत होते. ताईनं तोंड उघडलं, पण त्यातून ना हो निघालं ना नाही. शेवटी पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "राहू दे. तुमची बहीण रविवारी येतेच आहे. बघू दे तिलाच."

"येतेय? तिकडे?"

"मी म्हटलं येऊन बघा, तर म्हणाली येतेच."

ताईनं धाकटीला फोन लावला. वाटेत अडवायचं तर खरं सांगावं लागणार होतं, आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? तुझे पाय त्या पलंगावर मला बघवले नसते?

"ताई, तू यात पडूच नकोस," धाकटीनं तिला बोलूच दिलं नाही. "ती बाई मुरलेली आहे. तोंडी बोलून काही होत नाही, फोटो लागतो. आमच्याकडे नियमच आहे, फोटो नाही तर तक्रार नाही. भिंतीचे, गादीचे, उंदराच्या लेंड्यांचे, सगळे फोटो काढून आणते. बघते कशी देत नाही ते."

"जाऊ दे गं. एवढ्याशा पैशांसाठी रविवार कशाला घालवतेस?"

"एवढेसे? भाऊजी अंथरुणावर, तू त्या मशीनवर पाठ मोडतेयस, आणि एवढेसे? माझ्या ताईला फसवलंय तिनं. ठेव फोन."

ताईनं फोन ठेवला. जिचा हेवा करायचा तिनं इतकं चांगलं वागणं म्हणजे निव्वळ अन्याय होता. धाकटी एकदा तरी वाईट वागती, तर ताईला किती बरं वाटलं असतं!

रविवारी सकाळपासून ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उलट्या बाजूनं टीप मारली, उसवली, पुन्हा उलटीच मारली. नवरा पडल्या पडल्या बघत होता.

"काय झालंय?" त्यानं विचारलं.

"कुठे काय?"

"अगं, तू कधी टीप उसवत नाहीस. आज सकाळपासून तेच चाललंय."

मग ताईनं सांगितलं. ओल, गाद्या, उंदीर, सगळं. सांगताना ती त्याच्याकडे न बघता कापडाकडे बघत होती. डिपॉझिट मिळत होतं आणि आपण ते हातानं घालवलं, हेही सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं. चिडला असता तर बरंही वाटलं असतं.

"लिफ्टमध्ये अडकलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "दिसतील ती सगळी बटणं दाबत सुटतो. त्यानं दार तर उघडत नाहीच, आणि वर मला काम वाढतं. एकच बटण दाबायचं असतं."

"कुठलं?"

"घंटेचं. मी अडकलोय, एवढं कळवायचं. बाकीचं बाहेरचे बघतात."

ताई उठून फोनपाशी गेली. उचलणार इतक्यात तो वाजला. धाकटीचा चेहराच फोनच्या पडद्यावर आला, उन्हात लाल झालेला, आणि तिच्या मागे पाणी. नुसतं पाणी, लांबवर पसरलेलं. फोटोत दिसायचं त्याहून कितीतरी मोठं.

"ताई," धाकटी म्हणाली, "ओल कुठे आहे?"

ताई फोन घेऊन स्टुलावर बसली.

"सगळ्या भिंतींना हात लावून बघितलं मी. पलंग सरकवला. गाद्यांना नाक लावून वास घेतला, त्या बाईंसमोर. साबणाचा येतो. मोरीत वाकून उंदीर शोधले. त्या बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि शेवटी त्यांनी मला चहा दिला. चहा, ताई! इथवर येताना सगळा रस्ता मी मनातल्या मनात भांडणाची उजळणी करत आले होते. तोंड कुठे लपवू असं झालं मला. कुठलं गिऱ्हाईक राहून गेलंय इथे?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "मी खोटं बोलले."

"का?"

घंटेचं बटण. ताईनं डोळे मिटून घेतले.

"कारण मला तुझा हेवा वाटतो. मी जाणार होते तिथे. मी नाही तर तूही नाही, असं झालं मला. आजचं नाही हे. त्या हिरव्या फ्रॉकपासूनचं आहे."

"कुठला हिरवा फ्रॉक?"

ताईनं डोळे उघडले. धाकटी थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं. ज्या फ्रॉकवर ताई इतकी वर्षं जळली, तो ज्याच्या अंगावर होता त्या माणसाच्या लक्षातही नव्हता.

"पांढऱ्या कॉलरचा. माहेरी फोटो आहे बघ तुझा."

"तो? अगं, कॉलर टोचायची त्याची! मला नवा हवा होता म्हणून मी त्या दिवशी लोळण घेतली होती आणि आईनं चांगल्या दोन ठेवून दिल्या होत्या. रडून रडून सुजलेले डोळे घेऊन बसलेय मी त्या फोटोत. नीट बघितला नाहीस का कधी?"

ताईनं तो फोटो बघितला होता, नाही कोण म्हणतंय. त्यातल्या पाणीदार डोळ्यांचासुद्धा तिनं मन लावून हेवा केला होता.

"तुझं उतरलेलं घालायला मला आवडतं, असं वाटलं होतं तुला?" धाकटीचा आवाज आता चढला. "शाळेत बाई मला तुझ्या नावानं हाक मारायच्या. कपडे बघून! आणि इतकी वर्षं फोटो पाठवतेय मी तुला, कशासाठी? तू 'छान' एवढंच लिहितेस. एकदा तरी म्हण, मजा आहे बुवा तुझी. तुझ्या आधी मी कुठेतरी पोचलेय, एवढंच दाखवायचं असतं मला."

मागून घरमालकिणीचा आवाज आला, "चहा गार होतोय हो." धाकटीनं नाक पुसलं.

"हे बघ," ती म्हणाली. "या बाई म्हणतात त्या तारखा अजून मोकळ्याच आहेत. कुणी राहिलं तर तुझे पैसे सुटतात. मी घेऊ का घर? आई कधी तुला विचारायची नाही, उतरवायची आणि द्यायची. मी विचारतेय. नाही म्हणालीस तर आत्ता गाडीत बसून घरी येते, आणि पैशांचं आपण दुसरं काही बघू. पण खरं सांग."

खरं विचाराल तर ताईच्या ओठांवर "नाही" आलं होतं. इतकं सगळं बोलून झाल्यावरही ते आलं, आणि त्याची तिला लाज वाटण्यापेक्षा गंमतच वाटली. आजवर तिला हा शब्द कुणी विचारलाच नव्हता. तिनं तो तोंडात जरा घोळवला, पलंगावरच्या नवऱ्याकडे बघितलं, धाकटीच्या मागच्या त्या पाण्याकडे बघितलं.

"घे," ती म्हणाली. "पण एक जरी फोटो पाठवलास ना, तर बघ."

"नाही पाठवत."

"आणि त्या बाईंना दे फोन."

घरमालकिणीचा चेहरा पडद्यावर आला. ताईनं माफी मागितली. "बहीण जोरदार आहे तुमची," घरमालकीण म्हणाली. "पुढच्या खेपेला भांडायचं असेल तर तिलाच पाठवा, पण माझ्या बाजूनं."

डिपॉझिट आलं, पै न् पै. नवऱ्याच्या फीची सोय झाली आणि तो काठी टेकत खिडकीपर्यंत जायला लागला. धाकटी मुलाबाळांसह तळ्यावर जाऊन पोचली. आणि बोलल्याप्रमाणे तिनं एकही फोटो पाठवला नाही.

ताईला वाटलं होतं, दिसलं नाही तर पोटात दुखणार नाही. झालं उलटंच. फोटो असता तर तो एवढासा असता. फोटो नाही म्हटल्यावर ताईच्या डोक्यात तळं रोज वाढत गेलं, पलंग रुंद होत गेला आणि धाकटी त्यावर लोळत राहिली. टीप मारता मारता ताई फोनकडे बघायची. नवरा तिच्याकडे बघायचा आणि शहाण्यासारखा गप्प बसायचा.

शेवटी एका दुपारी तिनं मशीन थांबवलं आणि लिहिलं, "मजा आहे बुवा तुझी. त्या खिडकीचा पाठव एक."

फोटो लगेच आला, जणू काढूनच ठेवला होता. पण त्यात पाय नव्हते, पलंग नव्हता, धाकटीही नव्हती. तो मातकट पडदा तेवढा होता. धाकटीनं त्याची खालची दुमड उसवून तो लांब केला होता आणि हातानं टाके घातले होते. खाली लिहिलं होतं, "ताई, वीतभर आखूड होता. तुझा जीव त्यात अडकला असेल म्हणून खाली सोडला."

ताईनं फोटो बोटांनी मोठा केला. या वेळी खरोखरच पडदा बघायला. टाके एक इकडे तर एक तिकडे होते. एक टोक जमिनीला टेकलं होतं, दुसरं लोंबत वर राहिलं होतं, आणि त्या तिरप्या फटीतून पाण्याची एक पट्टी चमकत होती. पोटात दुखायचं ते दुखत होतंच, पण ताईला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"बघा," तिनं फोन त्याच्यापुढे धरला. "इतकी शिकली, पण हिला अजून सरळ टीप येत नाही."

मग तिनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि लिहिलं, "उसव ते आधी. खिडकीची मापं घे आणि पाठव. नवा शिवते."